ग्राफिक नॉव्हेलवरून पटकथा: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सुपरहिरोच्या एखाद्या लोकप्रिय ग्राफिक नॉव्हेलवरून चित्रपट लिहायचा म्हटले की नवोदित लेखकाला वाटते, निम्मे काम आधीच झालेले आहे. चित्रे काढलेली आहेत, संवाद लिहिलेले आहेत, चौकटींचा क्रमही ठरलेला आहे, म्हणजे आता केवळ कॅमेरा लावायचा उरला. पटकथालेखन शिकून मी रूपांतराच्या कामात आले, तेव्हा आसपासच्या अनेकांची हीच समजूत होती आणि निर्मात्यांबरोबरच्या बैठकांत ती आजही ऐकू येते. चौकट आणि शॉट दिसायला सारखे असतात, परंतु त्यांच्यातला काळ वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात असतो. कागदावर तो वाचकाच्या ताब्यात असतो आणि पडद्यावर संकलकाच्या. रूपांतरातल्या बहुतेक अडचणी या एका फरकातून निर्माण होतात, असे माझे ठाम मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी ज्या कलाकृतीकडे पुन्हा पुन्हा वळते, ती म्हणजे अॅलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चित्रित केलेली ‘वॉचमेन’. १९८६-८७मध्ये ती १२ अंकांत प्रसिद्ध झाली आणि झॅक स्नायडर यांनी दिग्दर्शित केलेला तिच्यावरचा चित्रपट २००९ साली आला. मूळ कृतीवर मनापासून प्रेम करणाऱ्या माणसाने ती पडद्यावर आणताना काय साधते आणि काय निसटते, हे या जोडीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

त्या पुस्तकाचे पाचवे प्रकरण उघडून पाहा. त्याची २८ पाने आरशातल्या प्रतिमेप्रमाणे रचलेली आहेत. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्याशी, आणि मधल्या दोन समोरासमोरच्या पानांवर ही सममिती येऊन मिळते. वाचक पाने मागे उलटून हे ताडून पाहू शकतो, दोन चौकटी शेजारी ठेवू शकतो, एकीवर हवा तितका वेळ रेंगाळू शकतो. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला यातले काहीच करता येत नाही. चौथ्या प्रकरणात मंगळावर बसलेल्या, अतिमानवी शक्ती असलेल्या डॉ. मॅनहॅटन या पात्राला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात, आणि पानावर हे तिन्ही काळ खरोखरच एकाच वेळी आपल्या नजरेसमोर असतात. त्या पात्राचा अनुभव काही क्षण वाचकाचाही होतो. पडद्यावर हीच सामग्री एकामागून एकच येऊ शकते. चित्रपटाने तिथे संथ, भावशून्य स्वरातले निवेदन आणि फिलिप ग्लास यांचे आवर्तनांनी पुढे सरकणारे संगीत वापरले. तो प्रसंग मला चित्रपटातला सर्वांत यशस्वी वाटतो, कारण तिथे चौकटींचा क्रम जपण्यापेक्षा काळाविषयीची जाणीव जपली आहे आणि ती जपण्यासाठी पुस्तकाकडे नसलेले साधन, म्हणजे ध्वनी, पुढे आणले आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की मूळ पुस्तक आधी निवांतपणे, वाचक म्हणून वाचून काढावे आणि दुसऱ्या वाचनाला वही घेऊन बसावे. वहीच्या डाव्या बाजूला पान क्रमांक लिहावा आणि उजव्या बाजूला ते पान वाचणाऱ्याचे काय करते ते लिहावे. कथेत काय घडते हे लिहू नये. त्याचा सारांश कोणीही काढून देईल. ‘या पानावर माझा वेग मंदावला’, ‘इथे मला या माणसाचा पहिल्यांदा संशय आला’, ‘पान उलटताच धक्का बसला’ अशा नोंदी हव्यात. पान उलटण्याची नोंद विशेष काळजीने करावी. कॉमिक्सचे चित्रकार मोठे आश्चर्य शक्यतो पान उलटल्यावर समोर येईल अशा बेताने ठेवतात आणि उजव्या पानाच्या तळाशी त्याची उत्सुकता पेरतात. पडद्यावर पान उलटले जात नाही, त्यामुळे तिथे दृश्य कुठे तोडायचे, आवाज कुठे थांबवायचा किंवा माहिती कोणत्या पात्राच्या चेहऱ्यावरून कळू द्यायची, हे तुम्हाला नव्याने ठरवावे लागते. ही वही कंटाळवाणी वाटली तरी पूर्ण करावी, कारण पटकथेच्या तिसऱ्या-चौथ्या मसुद्यात, जेव्हा मूळ पुस्तक मनात धूसर झालेले असते आणि प्रत्येक जण वेगळ्या सूचना करत असतो, तेव्हा तीच उपयोगी पडते.

निवेदनाचा प्रश्न इथेच येतो. कॉमिक्समधल्या निवेदनाच्या चौकटी थेट पार्श्वनिवेदनात उतरवण्याचा मोह फार मोठा असतो. ‘वॉचमेन’मध्ये मनातले विचार दाखवणारे ढगांसारखे फुगे नाहीत आणि चित्रात रंगवलेले आवाजांचे शब्दही नाहीत, पण रोर्शाक या मुखवटाधारी पात्राची दैनंदिनी आहे, आणि चित्रपटाने तिचे निवेदन राखले. ते टिकते, कारण ती दैनंदिनी कथेतली प्रत्यक्ष वस्तू आहे. ती लिहिली जाते, एका वृत्तपत्राकडे पाठवली जाते आणि शेवटच्या पानावर तिच्यावरच सगळे येऊन ठेपते. कोण बोलतो आहे, कोणाशी आणि का, या तीन प्रश्नांची उत्तरे तिथे कथेतच आहेत. तुमच्या हातातल्या पुस्तकातल्या निवेदनाला हीच उत्तरे मिळत नसतील, तर त्यातला आशय कृतीत, वस्तूंत किंवा इतर पात्रांच्या वागण्यात शोधावा लागेल.

आणखी एका उदाहरणाचा मी नेहमी अभ्यास करायला सांगते. मूळ १२ प्रकरणांपैकी पहिल्या ११ प्रकरणांच्या शेवटी चित्रांऐवजी मजकुराची पाने आहेत: एका निवृत्त वीराच्या आत्मचरित्राचे उतारे, अहवाल, पत्रे, मुलाखत. त्यांतून एक संपूर्ण पर्यायी इतिहास उभा राहतो, ज्यात मुखवटे घातलेली माणसे अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनाचा भाग आहेत. हा मजकूर चित्रपटात वाचून दाखवणे अशक्य होते. स्नायडर यांनी सुरुवातीच्या श्रेयनामावलीतच बॉब डिलन यांच्या गाण्यावर, जवळजवळ स्थिर वाटणाऱ्या दृश्यांची मालिका मांडली आणि काही मिनिटांत कित्येक दशके ओलांडली. मूळ पुस्तकात अशा रूपात नसलेली ही दृश्ये पुस्तकातल्या त्या मजकुराच्या पानांचे काम चोख बजावतात. पानोपानी चौकटींची हुबेहूब नक्कल करणाऱ्या इतर अनेक दृश्यांपेक्षा ही मालिका मला मूळ कृतीशी अधिक प्रामाणिक वाटते.

आता लांबीविषयी, कारण नवोदितांचा सर्वाधिक वेळ इथेच जातो. पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा व्यवसायातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटासाठी सुमारे १२० पाने. ‘वॉचमेन’वर चित्रपट करण्याचा प्रयत्न आधी टेरी गिल्यम यांनीही केला होता आणि ही कथा पाच तासांच्या मालिकेत अधिक चांगली बसेल, अशा निष्कर्षाला ते आले. स्नायडर यांची चित्रपटगृहातली आवृत्ती १६२ मिनिटांची होती, दिग्दर्शकाची आवृत्ती १८६ मिनिटांची आणि सर्वांत विस्तारित आवृत्ती २१५ मिनिटांची. या आवृत्त्या शेजारी ठेवून पाहणे हा कापणीचा उत्तम अभ्यास आहे. पुस्तकात एका चौकातला वृत्तपत्रविक्रेता आणि त्याच्याशेजारी बसून समुद्री चाच्यांचे कॉमिक वाचणारा मुलगा पुन्हा पुन्हा येतात. कथानकाला त्यांची गरज नाही, त्यामुळे कापायला बसलेल्या माणसाची नजर प्रथम त्यांच्यावरच जाते, आणि चित्रपटगृहातल्या आवृत्तीतून त्यांचा बहुतेक भाग गेला. पण कथेच्या शेवटी न्यूयॉर्क शहरावर संहार कोसळतो तेव्हा पुस्तकाच्या वाचकाला मरणारी माणसे ओळखीची असतात, ती याच चौकामुळे. पुढचे प्रकरण तर उद्ध्वस्त रस्त्यांच्या सलग सहा पूर्ण पानांनी उघडते. एका पानावर नऊ चौकटींच्या काटेकोर मांडणीची सवय झालेला वाचक तिथे अक्षरशः थिजतो. चौक कापला की त्या सहा पानांमागचे वजनही जाते, मग संहाराची दृश्ये कितीही खर्चिक असोत. कोणताही धागा कापण्यापूर्वी त्याचे ऋण कथेच्या शेवटच्या भागात कोण फेडते, हे वहीत शोधून पाहावे आणि तो काढायचाच असेल तर ती जबाबदारी दुसऱ्या कोणत्या पात्रावर टाकणार, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.

या रूपांतरावरचा सर्वांत मोठा वाद शेवटाबद्दलचा आहे, आणि तो पूर्ण समजून घेण्यासारखा आहे. पुस्तकात ओझिमँडियस हा माजी मुखवटाधारी वीर एक कृत्रिम, अवाढव्य प्राणी न्यूयॉर्कमध्ये धाडतो आणि परग्रहावरून हल्ला झाल्याचा आभास निर्माण करतो, जेणेकरून अणुयुद्धाच्या कडेवर आलेल्या महासत्ता एकत्र याव्यात. हा प्राणी घडवण्यासाठी बेपत्ता झालेले कलावंत आणि शास्त्रज्ञ एका बेटावर काम करत असतात, आणि चाच्यांच्या त्या कॉमिकचा लेखक त्यांच्यातलाच एक असतो. म्हणजे चाच्यांची कथा, बेपत्ता माणसे, बेट आणि प्राणी हे सगळे एकाच दोऱ्यात ओवलेले आहे, आणि एक मणी काढला की पुढचेही ओघळतात. डेव्हिड हेटर आणि अॅलेक्स त्से यांच्या पटकथेने हा दोराच काढून टाकला. चित्रपटात डॉ. मॅनहॅटनच्या ऊर्जेसारखे दिसणारे स्फोट जगातल्या अनेक शहरांवर होतात आणि दोष त्याच्यावर येतो. पटकथेच्या दृष्टीने हा निर्णय काटकसरीचा आणि देखणा आहे: नवी वस्तू आणावी लागत नाही, आधीपासून असलेले पात्र शेवटाचे कारण बनते आणि त्याच्या निघून जाण्यालाही अर्थ मिळतो. तरीही माझ्या मते एक गाठ सुटत नाही. डॉ. मॅनहॅटन वर्षानुवर्षे अमेरिकेचे अस्त्र म्हणून ओळखला गेलेला आहे. त्याने संहार केला असे मानले, तर सोव्हिएत संघ अमेरिकेच्या गळ्यात गळा का घालेल? परक्या प्राण्याला कोणतेही राष्ट्र नव्हते, आणि योजनेचे सगळे तर्कशास्त्र त्यावरच उभे होते. तुम्ही याच्या उलट निष्कर्षाला येऊ शकता, परंतु शेवट बदलताना जुन्या शेवटातली कोणती अट पूर्ण होत होती, याचा शोध घेतल्यावाचून बदल करू नये.

इतर वाटाही आहेत. २००५च्या ‘सिन सिटी’त रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी फ्रँक मिलर यांच्या चौकटी जवळपास स्टोरीबोर्डप्रमाणे, म्हणजे चित्रीकरणापूर्वी काढलेल्या शॉटच्या रेखाटनांप्रमाणे, वापरल्या, मिलर यांना सहदिग्दर्शक म्हणून श्रेय देता यावे यासाठी दिग्दर्शकांच्या संघटनेचे सदस्यत्वही सोडले, ती पद्धत तिथे चालली, कारण त्या कॉमिकचा प्राण ठळक काळ्या-पांढऱ्या रेषेत होता. २०१७चा ‘लोगन’ मूळ कॉमिकमधून म्हातारा, थकलेला वीर आणि उजाड रस्त्यावरचा प्रवास एवढेच घेतो आणि बाकीचे स्वतः रचतो. त्याला रूपांतरित पटकथेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. २०१८च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ने छपाईतले ठिपके आणि निवेदनाच्या चौकटी पडद्यावर आणल्या, आणि नायक माइल्सच्या हालचाली काही ठिकाणी सेकंदाला २४ऐवजी १२ चित्रांत दाखवून त्याचे अडखळणे डोळ्यांना जाणवू दिले. कागदाची भाषा पडद्यावर नेण्याचा याहून कल्पक प्रयत्न माझ्या पाहण्यात नाही. डेमन लिंडेलॉफ यांनी २०१९मध्ये केलेल्या ‘वॉचमेन’च्या नऊ भागांच्या मालिकेने तर मूळ कथेचे रूपांतर न करता तिच्या पुढची कथा सांगितली आणि तो परका प्राणी घडून गेलेला इतिहास म्हणून स्वीकारला.

लेखकाने हक्कांच्या कागदपत्रांकडे लक्ष देणे अनेकांना अनावश्यक वाटते. ‘वॉचमेन’चे हक्क १९८६मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडे गेले होते, वॉर्नर ब्रदर्सचा चित्रपट तयार होत असताना फॉक्सने २००८मध्ये दावा दाखल केला, आणि प्रदर्शनाच्या जेमतेम दोन महिने आधी, जानेवारी २००९मध्ये, समझोता झाला. इतक्या मोठ्या संस्थांच्या बाबतीत असे घडू शकते, तर तुमच्याकडे काम घेऊन आलेल्या निर्मात्याला ‘हक्क नेमके कोणाकडे आहेत आणि कोणत्या मुदतीपर्यंत?’ असे विचारण्यात कसलाही संकोच नको. उत्तर लेखी मिळेपर्यंत आराखड्यापलीकडे लिहू नये. मूळ निर्मात्यांशी संबंध कसे असतील हे मात्र आपल्या हातात पूर्णपणे नसते: गिबन्स यांनी त्या चित्रपटाला सल्ला दिला, तर मूर यांनी श्रेयनामावलीत आपले नावही येऊ दिले नाही. मूळ लेखक बोलायला तयार असेल, तर त्याला मंजुरी मागण्यापेक्षा एखादी चौकट तशी का आहे हे विचारावे. त्यातून कितीतरी अधिक हाती लागते.

मसुदा तयार झाल्यावर तो दोन प्रकारच्या लोकांना स्वतंत्रपणे वाचायला द्यावा. पुस्तक पाठ असलेला वाचक काय गेले ते लगेच सांगेल, परंतु पुस्तक न वाचलेला वाचक कुठे गोंधळला हे अधिक मोलाचे असते, कारण आपल्या डोक्यात पुस्तक भरलेले असल्यामुळे पटकथेतली रिकामी जागा आपल्याला दिसत नाही. चाहत्यांचा आग्रह बहुधा पोशाख, प्रसिद्ध वाक्ये आणि मुखपृष्ठावरच्या प्रतिमांभोवती असतो, आणि तो आदराने ऐकावा; त्या वाक्याआधीचा प्रसंग उभा राहिला नसेल, तर वाक्य जसेच्या तसे ठेवूनही ते पोकळ ऐकू येते.

सरावासाठी सबंध पुस्तक घेऊ नये. आवडत्या ग्राफिक नॉव्हेलमधले असे एक प्रकरण निवडावे ज्यात मारामारी नाही आणि दोन माणसे एकाच खोलीत बोलत आहेत. त्याची दहा पानांची पटकथा लिहावी, मग पुस्तक मिटून ठेवून तोच प्रसंग केवळ वहीतल्या नोंदींवरून पुन्हा लिहावा, आणि दोन्ही मसुदे पुस्तक न वाचलेल्या एखाद्याला मोठ्याने वाचून दाखवावेत. ऐकणाऱ्याने ज्या ठिकाणी मान वर केली, तिथे पानाच्या कडेला खूण करावी आणि तिसरा मसुदा त्या खुणांपासून सुरू करावा.