तुमची आर्थिक मतं डी अँड डीच्या कुठल्या अलाइनमेंटमध्ये बसतात ते कसं शोधायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी, हा टेबलाभोवती बसून एकेक काल्पनिक पात्र घेऊन खेळायचा खेळ. त्याचं नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, सुरू करायच्या आधी मी टेबलावरच्या सगळ्यांना एक काम देतो, पैशापाण्याबद्दलची स्वतःची मतं काढा आणि अलाइनमेंटच्या नऊ चौकटींपैकी कुठे बसतात ते बघा. अलाइनमेंट म्हणजे पात्राचा कल: एका अक्षावर गुड, न्यूट्रल, ईव्हिल (चांगला, मधला, दुष्ट), दुसऱ्यावर लॉफुल, न्यूट्रल, केऑटिक (नियमाने चालणारा, मधला, आपल्या मनाने चालणारा). ज्याला स्वतःचं अलाइनमेंट कळलं त्याला दुसऱ्याचं खेळता येतं. आणि दर वेळी निम्मे लोक तोच इंटरनेटवरचा चार्ट घेऊन येतात, सरकारवाले लॉफुल, मार्केटवाले केऑटिक, आणि आपल्याला जो पटत नाही तो ईव्हिल. तो चार्ट बाजूला ठेवा, त्यातून काहीही कळत नाही.

आधी मतं लिहा. पाच-सहा पुरेत. "मी समाजवादी" किंवा "मी लिबरल" असलं लिहू नका, नेमका प्रश्न घ्या. कर्जमाफी द्यावी का, कांद्याची निर्यात थांबवावी का, रोजगार हमी असावी का, घरभाड्यावर मर्यादा हवी का. उत्तरापुढे "कारण" लिहून एक वाक्य.

मग गुड की ईव्हिल. इथे फक्त एक बघायचं, तुमच्या मताची किंमत कोण मोजतंय. महाराष्ट्रात पगारातून महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला, म्हणजे शहरातल्या नोकरदाराने गावाकडच्या मजुराला काम मिळावं म्हणून भरायचा. योजना हवी आणि कापलेले पैसेही मान्य, तर गुड. योजना हवी पण भरावं दुसऱ्याने, तर न्यूट्रल. मजूर स्वस्तात मिळावा म्हणून योजना बंद पडावी असं वाटत असेल तर ईव्हिल. पण योजनेने मजुराचंच नुकसान होतं असं एखाद्याला प्रामाणिकपणे वाटत असेल तर तोही गुडमध्ये बसतो, त्याला मतावरून ईव्हिल ठरवू नका.

आता लॉ की केऑस. सगळे घसरतात ते इथे, आणि माझंही इथेच चुकलं होतं. शेतमालाच्या बाजारात सरकारने हात घालू नये या मताचा मी, म्हणून शीटवर (पात्राची माहिती लिहायचा कागद) केऑटिक गुड लिहून मोकळा झालो आणि दोन वर्षं तसलीच पात्रं खेळलो, आणि प्रत्येक पात्र अर्ध्यात अडकायचं, कारण लूट वाटायची वेळ आली की मला आधी ठरलेला नियम हवा असायचा आणि कुणी ऐनवेळी वाटणी बदलली की माझा पॅलाडिनसारखा (खेळातला शपथेला बांधलेला धर्मयोद्धा) संताप व्हायचा.

मग लक्षात आलं की हा अक्ष सरकार की बाजार असा नाहीच. 1974 च्या पहिल्या नियमपुस्तकांत गुड-ईव्हिल नव्हतंच, फक्त लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस होतं, म्हणजे खेळातला मूळ प्रश्न हा आहे. आणि तो असा विचारायचा: आधी ठरलेल्या नियमावर तुमचा भरवसा आहे, की समोरची परिस्थिती बघून माणसाने घेतलेल्या निर्णयावर?

कांद्याचं बघा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये सरळ बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली. सगळं सरकारी, पण खेळाच्या अर्थाने यात लॉफुल काय आहे? ज्याने नाशिककडे लागवड केली त्याला काढणीच्या वेळी काय असेल हे कळायला मार्गच नव्हता. भाव भडकले की सरकारने असं तातडीने करायलाच हवं असं तुम्हाला वाटत असेल तर ते मत केऑटिककडे झुकतं, आणि तसं असायला काही हरकत नाही, फक्त नाव बरोबर द्या. उलट खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन, ज्याला लोक डोळे झाकून केऑटिकमध्ये टाकतात, त्याचं म्हणणं होतं की पैशाचा पुरवठा दरवर्षी एका ठरलेल्या दराने वाढवावा आणि मध्यवर्ती बँकेने स्वतःची अक्कल चालवू नये. याहून लॉफुल काय असणार.

आणि भिशी! कागद नाही, सही नाही, सरकार आसपासही नाही, पण चिठ्ठी निघाली की निघाली आणि ज्याला पहिल्याच महिन्यात रक्कम मिळाली तोही शेवटच्या महिन्यापर्यंत हप्ता भरतो. पूर्ण लॉफुल.

अजून अडत असेल तर मी हा प्रश्न देतो. 2019 च्या कर्जमाफीत मर्यादा दोन लाखांची होती. समजा यादी तुमच्या हातात आहे आणि समोरच्या शेतकऱ्याची थकबाकी दोन लाख चार हजार आहे, बाकी सगळं तसंच, पीक गेलेलं, घरात आजारपण. "बसत नाही, पुढच्या वेळी नियमच नीट करू" हे लॉफुल. "घ्या त्याला यादीत, मी बघतो" हे केऑटिक. उत्तर पहिल्या दहा सेकंदांत द्या. आणि तो शेतकरी म्हणून स्वतःचा मामा डोळ्यासमोर आणू नका, मामा आला की सगळेच केऑटिक होतात आणि चाचणी वाया जाते. एका प्रश्नावर थांबूही नका, लिहिलेल्या सगळ्या मतांना हेच विचारा, बहुतेक कुठे आहेत ते घ्या.

न्यूट्रल जपून वापरा. ठरवता येत नाही म्हणून न्यूट्रल लिहिलेलं मी परत पाठवतो. पैशाचा पुरवठा नियमाने पण दुष्काळातली मदत माणसाच्या निर्णयाने, आणि असं का ते सांगता येत असेल, तर ते खरं न्यूट्रल.

शेवटी टेबलावर तपासा. पहिल्याच सेशनला एक गाव द्या, कोठारात चाळीस पोती धान्य, घरं साठ, आणि वाटप खेळाडूंनी करायचं. मी आधी काहीच बोलत नाही, कोण सगळ्यांना सारखं मोजून देतंय, कोण लहान मुलांच्या घराला गुपचूप जास्त देतंय एवढं लिहून ठेवतो. शीटवर एक आणि वाटपात दुसरं दिसलं तर शीट खोडायचं आणि वाटपात दिसलं ते लिहायचं. ते करायला तिसऱ्या सेशनपर्यंत वेळ देतो, त्याच्यापुढे नाही.