अनेक उपप्रकल्पांत एकच बिल्ड टार्गेट चालवताना

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयात नव्या मुलांना सुरुवातीलाच एक काम दिले जाते. सुताचा साठा, माग कामगारांची मजुरी व बिलिंग हे उपप्रकल्प आणि त्यांना लागणारी सामाईक लायब्ररी, या सगळ्यांचे ‘टेस्ट’ टार्गेट (नावाने चालवता येणारे बिल्डचे काम) एका आदेशात चालले पाहिजे. बहुतेक जण मेक या बिल्ड-साधनाच्या मेकफाईलमध्ये (कामे लिहून ठेवलेल्या फाईलमध्ये) शेलचा फॉर लूप लिहितात आणि तो चालतोही. परंतु लूपचा एक्झिट कोड (यश की अपयश सांगणारा आकडा) शेवटच्या फेरीचा असल्यामुळे मजुरीची टेस्ट कोसळली आणि नंतरची बिलिंगची पार पडली, तर मेकच्या लेखी सारे आलबेल असते. शिवाय ‘-जे’ हा समांतर चालवण्याचा पर्याय देऊनही उपप्रकल्प तसे चालत नाहीत, कारण मेकला तो अख्खा लूप एकच काम वाटतो.

त्याऐवजी प्रत्येक उपडिरेक्टरीलाच टार्गेट करावे, आत मेकचा आदेश थेट न लिहिता त्याच नावाचे व्हेरिएबल वापरावे आणि लायब्ररी आधी लागते हे प्रीरिक्विझिट म्हणून नोंदवावे. ही टार्गेट फोनी (म्हणजे फाईल नव्हे, नुसते कामाचे नाव) घोषित करणे अत्यावश्यक आहे. ‘बिलिंग’ नावाची डिरेक्टरी आधीच अस्तित्वात असल्याने, घोषणा नसेल तर मेक ती ‘अप टू डेट’ आहे असे सांगून हात झटकतो, आणि नवखा माणूस कोडमध्ये दोष शोधत बसतो.

जावाच्या जुन्या प्रकल्पांत अँट या बिल्ड-साधनाचे सबअँट (उपप्रकल्पांचे बिल्ड चालवणारा टास्क) भेटते. तिथे फाईलसेट (नमुन्याने निवडलेल्या फाईली) क्रमाची हमी देत नाही, म्हणून फाईललिस्ट (नावानिशी यादी) द्यावी. मेवन हे दुसरे बिल्ड-साधन मात्र मॉड्यूलचा (म्हणजे उपप्रकल्पांचा) क्रम परस्परावलंबनावरून स्वतः लावते. ग्रेडल या तिसऱ्या साधनामध्ये मुळाशी (सर्वांत वरच्या डिरेक्टरीत) नुसते ‘टेस्ट’ म्हटले की ज्या उपप्रकल्पांत तो टास्क आहे तिथे तो चालतो. एकाचाच हवा असल्यास नावाआधी कोलन लावून पूर्ण पथ द्यावा लागतो.

पहिल्या अपयशाला थांबायचे की पुढे जायचे, हा निर्णय मी कामानुसार घेतो. रात्रीच्या बिल्डला मेकचा ‘-के’, मेवनचा ‘फेल-ॲट-एंड’ किंवा ग्रेडलचा ‘कंटिन्यू’ देतो, म्हणजे सकाळी सगळ्या तुटलेल्या जागा एकदम दिसतात. कोसळलेल्या मॉड्यूलवर विसंबलेली मॉड्यूल मेवन अशा वेळी आपणहून वगळतो. दिवसा कोड लिहिताना मात्र पहिल्याच चुकीला थांबतो, आणि दुरुस्तीनंतर मेवनला ‘रिझ्यूम-फ्रॉम’ देऊन त्याच मॉड्यूलपासून पुढे चालवतो.