खंडाने घेतलेला मळा: पहिल्या महिन्यात तीनच वाफे

भात कापून झाल्यावर जागा हातात आली की सगळा मळा खणायची घाई नको. जांभ्याची माती बहुतेक आम्लधर्मी असते, पण किती, ते डोळ्यांना दिसत नाही. पाच-सहा ठिकाणची वीतभर खोल माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो तपासायला द्या. बांधालगतची किंवा जुन्या उकिरड्याची माती घेतलीत तर अहवाल फसवा येतो.

तोवर १ × ३ मीटरचे तीन वाफे करा. पहिल्यात काहीच घालू नका, दुसऱ्यात ८ किलो शेणखत, तिसऱ्यात तेवढंच शेणखत आणि अर्धा किलो चुलीची राख. खाडीकाठची खारी जमीन असेल तर राख टाळा. शेणखत पुरतं कुजलेलंच हवं, कच्च्याने हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी येते.

तिन्हींत लाल माठ पेरा. वाफ्याला अर्धा चहाचा चमचा बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून फोका, नाहीतर एकाच जागी झुबके उगवतात. वर पातळ पेंढा पसरा, पाणी झारीनेच. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी पेंढा काढा. उशीर झाला तर रोपं लांबुडकी होऊन लोळतात. महिन्याभरात भाजी काढताना वाफ्यावार वजन करा. राखही चुन्यासारखी आम्लता कमी करते, म्हणून राखेचा वाफा ठळक पुढे असेल, तर जमिनीला चुना घालावा लागण्याची शक्यता धरा. प्रमाण मात्र अहवालावरूनच ठरवा.

आणि हो, एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं का, हे शेजारच्या मळेवाल्याला आधीच विचारा.