फुटबॉलपटूने बॉबस्लेकडे वळताना : बडोद्यात करता येण्याजोगी तयारी

बॉबस्ले या हिवाळी खेळातील स्लेड, म्हणजे खेळाडूंना घेऊन धावणारी घसरगाडी, बर्फाच्या मार्गावरून ताशी 130 किलोमीटरहून अधिक वेगाने उतरते; परंतु शर्यतीचा निकाल पुष्कळदा पहिल्या पन्नासेक मीटरमध्ये, खेळाडू तिला ढकलत पळतात त्या पाच-सहा सेकंदांतच, ठरू लागतो. म्हणूनच या खेळाला बर्फात वाढलेल्या माणसापेक्षा वेगवान आणि दणकट धावपटूची गरज अधिक भासते. अमेरिकन फुटबॉलमधील हर्शल वॉकर यांनी 1992च्या आल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये ब्रायन शायमर यांच्यासह दोघांच्या स्लेडमध्ये सातवे स्थान मिळवले, ते याच बळावर.

मात्र वॉकर यांचा फुटबॉल धडका देणाऱ्या वजनदार गड्यांचा होता, आपला नव्हे. पुरुषांच्या दुहेरी प्रकारात खेळाडूंसह एकूण वजन 390 किलोपर्यंत चालते आणि रिकामी स्लेड किमान 170 किलोची असते. म्हणजे दोघांच्या वाट्याला 220 किलो उरतात. खेळाडू हलके असल्यास स्लेडमध्ये वजन भरता येते, पण मग तेच ओझे सुरुवातीला ढकलावे लागते. त्यामुळे मैदानाच्या कडेने पळणाऱ्या सत्तर किलोच्या विंगरपेक्षा उंच, भरदार बचावपटूला येथे अधिक वाव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रो. माणिकरावांच्या आणि जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या बडोदे शहरात बैठकांचे महत्त्व सांगायला नको; परंतु शेकडो बैठकांनी येणारा दमसास येथे कमी उपयोगाचा आहे. जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनाचे स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मोजक्याच वेळा, पण झटक्यात करावेत आणि 30 मीटरच्या धावा पूर्ण विश्रांती घेऊन माराव्यात. फुटबॉलमध्ये सतत दिशा बदलण्याची सवय जडलेली असते. ती येथे मोडावी लागते. त्यासाठी मोकळ्या, सपाट जागेत वजन भरलेली लारी (हातगाडी) ढकलण्याचा सराव उत्तम: कंबर खाली, पाठ सरळ, पाऊल शरीराच्या मागे रेटलेले, आणि हातांनी हिसका न देता पायांनी दिलेला जोर. उन्हाळ्यात हे सारे सूर्य चढण्यापूर्वी उरकावे.

धावता धावता स्लेडमध्ये उडी घेणे मात्र लारीवर शिकू नये. त्यासाठी चाकांची सराव-स्लेड आणि प्रशिक्षक हवेत.

भारतात बर्फाचा असा मार्ग नाही. ल्यूज, म्हणजे छोट्या स्लेडवर उताणे झोपून घसरण्याच्या खेळात, सहा हिवाळी ऑलिंपिक खेळलेल्या शिवा केशवन यांनीही हिमालयातील रस्त्यांवर चाकांच्या स्लेडने सराव केला होता. आशियात प्योंगचांग (दक्षिण कोरिया) आणि यानचिंग (चीन) येथे ऑलिंपिकचे मार्ग आहेत. तेथे पहिल्यांदा उतरताना मार्गाच्या खालच्या टप्प्यापासूनच सुरुवात करावी, मान आखडून धरावी, आणि ब्रेकमन म्हणून, म्हणजे मागे ब्रेक सांभाळायला, बसल्यास वळणांवर कितीही भीती वाटली तरी अंतिम रेषा ओलांडेपर्यंत ब्रेकला हात लावू नये.