उतारवयातलं लग्न आणि घराचे कागद

आजोबांनी साथ शोधली तर आडवे येऊ नका. घाई कोणाला आहे ते मात्र बघा. विशेष विवाह कायद्यात लग्नाची नोटीस लागल्यापासून हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. पहिला जोडीदार हयात असेल किंवा संमती देण्याइतकं भान नसेल, तर विवाह अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्या. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत चालत नाही.

खरा घात बक्षीसपत्रात, म्हणजे हयातीतच घर दुसऱ्याच्या नावे करून देणाऱ्या कागदात होतो. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं, नोंदवलेलं बक्षीसपत्र सहजी फिरत नाही. करायचंच असेल, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात हवेतच. सांभाळ झाला नाही, तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकतं. सहीआधी आजोबांना वकिलाशी एकट्याने बोलू द्या. तुम्हीही बाहेर थांबा. दमदाटी दिसली, तर 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन करा.