सीतेची वेणी सुकत होती तेव्हा

आमच्या इंदिरानगरच्या गॅलरीत सीतेची वेणी, म्हणजे झाडांच्या फांद्यांवर वाढणारं ऑर्किड, ऱ्हिन्कोस्टायलिस रेटुसा, आहे. रोप नर्सरीतलं, जंगलातलं नाही. मार्च संपता संपता पानांवर लांब सुरकुत्या पडल्या. पाणी तर रोज घालत होते! मुळं नीट पाहिली तर टोकाचा हिरवा कोंब करपलेला आणि वर क्षारांची पांढरी खर. तीच खर बाथरूमच्या नळावरही होती. बोअरचं पाणी, दुसरं काय.

मग शिंपडणं बंद केलं. सकाळी मुळं बादलीत बुडवायची, साधारण वीस मिनिटं. कोरडी मुळं चांदीसारखी दिसतात, पाणी प्यायली की हिरवी होतात. तो रंग आला की बाहेर. पाणी आरओचं, जूननंतर पत्र्यावरून साठवलेलं पावसाचं. कुंडीतला नारळाचा भुसा काढून टाकला आणि रोप सागवानी पट्ट्यांच्या टोपलीत टांगलं, आत कोळशाचे मोजके तुकडे. वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी. कूलरचा झोत येत होता, म्हणून टोपली दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

खताला द्राक्षवाल्यांचं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), पण लिटरला अर्धा ग्रॅमच, पंधरवड्यातून एकदा. दुकानदार बागेचा डोस सांगेल, तो ऐकू नका.

जुन्या सुरकुत्या पूर्ण जात नाहीत. नवी मुळं बघा, तीच खरी खूण. पावसाळ्यात टोपली किंचित तिरकी टांगते, शेंड्यात पाणी साचलं की तो कुजतो. हिवाळ्यात पाणी कमी.