भूजलातील क्लोरीनयुक्त द्रावके जीवाणूंकरवी निकामी कशी करावीत

वडोदऱ्यात मकरपुरा किंवा नंदेसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत पर्यावरणाची जबाबदारी सांभाळणाऱ्यांना, तसेच सयाजीराव विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून या क्षेत्रात येणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून ही कार्यपद्धती लिहीत आहे. धातूच्या सुट्या भागांवरील ग्रीस काढण्यासाठी वापरले जाणारे ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, पाण्याहून जड असते (घनता सुमारे 1.46), त्यामुळे जमिनीत मुरल्यावर ते भूजलातून खाली उतरते, चिकणमातीच्या थरावर साचते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते.

प्राणवायू नसलेल्या पाण्यात काही जीवाणू या रेणूतील क्लोरीनचा एकेक अणू काढून तेथे हायड्रोजन बसवतात. आपण श्वसनात प्राणवायूचा जसा उपयोग करतो, तसा ते क्लोरीनयुक्त रेणूचा करतात. टीसीईपासून डायक्लोरोइथिलीन, त्यापासून व्हिनाइल क्लोराइड आणि शेवटी निरुपद्रवी इथिलीन, असा हा क्रम आहे. पहिला टप्पा अनेक जातींना जमतो. शेवटपर्यंत नेणारी ओळख पटलेली जात मात्र मुख्यतः डिहॅलोकोकॉइडिस हीच. तिचा पहिला शुद्ध वाण वेगळा केल्याचे कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी 1997 मध्ये जाहीर केले. व्हिनाइल क्लोराइड मानवात कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे, म्हणून अर्ध्यावर थांबलेली प्रक्रिया मूळ प्रदूषणापेक्षाही घातक ठरू शकते. माझ्या मते या कामातील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

म्हणून अहवाल वाचताना केवळ टीसीई घटले एवढ्यावर समाधान मानू नये. चारही पदार्थ मोजावेत आणि त्यांचे आकडे वजनात न ठेवता रेणूंच्या संख्येत, म्हणजे मोलमध्ये, बदलून घ्यावेत. 131 मायक्रोग्रॅम टीसीईपासून पूर्ण रूपांतराअंती केवळ 28 मायक्रोग्रॅम इथिलीन मिळते. वजनच पाहिले तर रूपांतर अर्धवट असतानाही प्रदूषण घटल्याचा भास होतो. चौघांची मोलमधील बेरीज कायम राहून त्यात इथिलीनचा वाटा वाढत असेल, तरच जीवाणू काम पूर्ण करीत आहेत असे म्हणता येते. बेरीजच घटत असेल, तर इतर पाणी मिसळून हे पदार्थ विरळ झाले किंवा बाष्प होऊन उडाले, अशी शंका घ्यावी. नमुन्यातून बाष्प उडू नये यासाठी त्याची कुपी हवेचा बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून थंड ठेवावी.

प्रत्यक्ष उपचारापूर्वी शुद्ध द्रावकाचा साठा शक्य तितका उपसून काढावा. मग विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, सल्फेट, मिथेन आणि सामू (पीएच) तपासावा. सामू 6 च्या खाली गेल्यास हे जीवाणू मंदावतात, आणि क्लोरीन सुटताना आम्ल तयार होत असल्याने तो आपोआप उतरतो. गरजेनुसार खाण्याचा सोडा मिसळावा. जीवाणूंना हायड्रोजन पुरवण्यासाठी सोयाबीन तेलाचे पाण्यातील पायस (इमल्शन), लॅक्टेट किंवा उसाची मळी विंधनछिद्रांतून सोडतात. मळी स्वस्त असली, तरी ती झपाट्याने आंबते आणि सुटलेला बराचसा हायड्रोजन मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव बळकावतात. तेल सावकाश विघटित होते, म्हणून मी तेलाला प्राधान्य देईन. वडोदऱ्याचे भूजल उबदार असल्याने थंड देशांपेक्षा येथे वेग चांगला राहण्याची अपेक्षा धरता येते.

व्हिनाइल क्लोराइड साचत राहिले, तर जनुकीय चाचणीने डिहॅलोकोकॉइडिस आणि त्याचे व्हिनाइल क्लोराइडमधील क्लोरीन काढणारे विकर घडवणारे व्हीसीआरए किंवा बीव्हीसीए हे जनुक आहेत का, ते पाहावे. नसल्यास तयार जीवाणूसमूह हवेचा स्पर्श न होऊ देता सोडावा लागतो. प्राणवायू संपल्यावर खडकमातीतील लोह, मँगनीज आणि कधी आर्सेनिकही पाण्यात उतरते, म्हणून जवळपास पिण्याची विहीर असल्यास हा उपचार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय मुळीच सुरू करू नये. तेलाचा पुरवठा थांबवल्यानंतरही निरीक्षण विहिरींचे नमुने घेत राहावे, कारण चिकणमातीत शिरलेले द्रावक परत बाहेर झिरपते आणि आकडे पुन्हा चढू शकतात.